देवासला किती वाजता पोहोचाल?

माळव्यातील एखाद्या मराठी घरातून गोव्यात रात्री-अपरात्री दूरध्वनी येतो, तेव्हा पलीकडचा माणूस अंतर विचारत नाही. ‘किती वाजेपर्यंत पोहोचाल?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. घरातील वडीलधारे माणूस गेले असेल, तर या एका उत्तरावर अंत्यविधीची वेळ ठरते. वाट पाहायची की उरकून घ्यायचे, याचा निर्णय तिकडच्या मंडळींना त्याच क्षणी घ्यावा लागतो. इकडचा माणूस घाईघाईने मोबाइल उघडतो. गोवा ते इंदूर अंतर सुमारे ८०० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तासाच्या आसपास, असे आकडे पडद्यावर उमटतात. ‘सकाळच्या विमानाने निघतो, दुपारपर्यंत आलोच,’ असे तो सांगून टाकतो. प्रत्यक्षात दिवेलागणीला पोहोचतो. पडद्यावरचे आकडे खोटे नसतात. ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर असतात.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. बाजीरावांच्या काळात माळव्यात उतरलेल्या पवार घराण्यातील तुकोजी व जिवाजी या बंधूंनी देवासची थोरली आणि धाकटी पाती उभी केली. धारला पवारांची दुसरी शाखा नांदली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यातला. तेव्हापासून माळव्यात स्थिरावलेली मराठी घरे आणि दक्षिणेकडचे त्यांचे सोयरे यांच्यातील जाणे-येणे थांबलेले नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात कोरडी हवा मानवावी म्हणून १९४८ मध्ये देवासला गेले आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथलेच झाले. आज गोव्यातून महाकाल, ओंकारेश्वर किंवा धार जिल्ह्यातील मांडू पाहायला निघणाऱ्यांचीही वाट इंदूरवरूनच जाते.

इंदूरवरूनच, कारण धार किंवा देवासला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. संगणकाला मात्र याची फिकीर नसते. ‘धार’ आणि ‘देवास’ अशी दोन नावे दिली की त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे ८८ किलोमीटर येते. त्याला विमानाच्या वेगाने भागले की सहा-सात मिनिटांचा हवाई प्रवासही तयार होतो. असे विमान कधी सुटत नाही, पण भागाकार अचूक असतो.

हा भागाकार होतो तरी कसा? प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठाऊक असतात. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ साधारण २२.७२ अंश उत्तर, ७५.८० अंश पूर्व येथे आहे; दाबोळी १५.३८ अंश उत्तर, ७३.८३ अंश पूर्व. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून या दोन बिंदूंमधील लहानात लहान अंतर काढले जाते. एका नारळावर दोन खुणा करून त्यांच्यामध्ये दोरा ताणावा, म्हणजे तो दोरा ज्या मार्गाने बसेल तोच हा मार्ग. गणितात त्याला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. दाबोळी-इंदूर हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर भरते, तर मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून सुमारे ८००.

ज्या मातीकडे आपण निघालो आहोत, त्या मातीला हे गणित नवे नाही. देवासपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या उज्जैनवरून भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा जात असे. लंका, अवंती, कुरुक्षेत्र यांना जोडणारी ती रेषा म्हणजे आपल्या पूर्वसूरींचे शून्य रेखांश. आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेला किती किंवा पश्चिमेला किती, यावरून ‘देशांतर’ संस्कार करून ग्रहांच्या वेळा सुधारून घेत. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, असे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात मांडले. आजचा परिघ ४०,००० किलोमीटर धरला तर सोळावा भाग २,५०० किलोमीटर येतो. उज्जैनचे प्रत्यक्ष अंतर सुमारे २,५७५. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या हिशेबात एवढीच तफावत! याच भास्कराचार्यांच्या एका पूर्वजाला धारच्या भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचा उल्लेख चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. स्वतः भोजाच्या नावावर ‘राजमृगांक’ हा ज्योतिषग्रंथ तर आहेच. ‘समरांगणसूत्रधार’ या त्याच्या ग्रंथात पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचेही वर्णन आहे. मात्र यंत्र जोडण्याची कृती गुप्ततेसाठी सांगत नाही, असे म्हणून तो तिथेच थांबतो, तेव्हा त्यावरून विमानतळाचे वेळापत्रक काढण्याच्या फंदात कोणी पडू नये.

अंतर झाले, आता वेळ. प्रवासी जेट विमान उंचावर स्थिर उडत असताना ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेग राखते. ८०० किलोमीटरला या वेगाने भागले तर तासभरही लागू नये. पण विमान स्थिर उडते ते प्रवासाच्या मधल्या तुकड्यापुरतेच. जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत जाणे आणि पाळी येईपर्यंत थांबणे यात दहा-पंधरा मिनिटे जातात. उंची गाठेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे वेग कमी असतो, उतरणीचेही तसेच. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करावे लागते, तेव्हा उत्तरेला जाणारे विमान आधी पश्चिमेला समुद्रावर झेपावून मग वळते. आकाशातही ठरलेले मार्ग आणि ठरलेले वळणबिंदू असतात. दोऱ्यासारखे सरळ कोणी उडत नाही. म्हणून विमान कंपनीच्या वेळापत्रकात गोवा-इंदूर थेट विमानाला साधारण दीड तास दिलेला असतो. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतचा. त्यात कंपनी थोडी सवडही धरते, म्हणूनच उशिरा सुटलेले विमान कधी कधी वेळेवर पोहोचते आणि वैमानिकाचे कौतुक होते.

हा दीड तास पुढे घरापासून घरापर्यंत मोजला की चित्र पालटते. पणजीहून मोपाला जायला तासभर. उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी. दीड तास विमान. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. इंदूरहून देवासच्या दारात पोहोचायला तास-सव्वा तास. बेरीज सव्वासहा तासांवर जाते. म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या विमानाने आपण प्रत्यक्षात ताशी सव्वाशेच्या आसपास वेगाने गेलो. विमान दुप्पट वेगाचे केले तरी या बेरजेतून अर्धा-पाऊण तासच वाचेल. उरलेला सारा वेळ जमिनीवरच खर्च होतो.

गोव्याच्या वाचकाला यात एक स्वतःचा पेच आहे. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ आहेत आणि तिकिटावर दोघांची संकेताक्षरे वेगळी असतात: दाबोळीचे जीओआय, मोपाचे जीओएक्स. नकाशावर मोपा इंदूरला चाळीस किलोमीटरने जवळ. आकाशात ही बचत तीन मिनिटांची. पण काणकोणच्या चावडीवरून निघणाऱ्याला मोपा गाठण्यासाठी राज्याची जवळजवळ सगळी लांबी, शंभरेक किलोमीटर, पार करावी लागते. पेडण्याच्या माणसाला दाबोळीसाठी तीच कसरत उलट दिशेने. तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसले म्हणून लांबचा विमानतळ निवडणाऱ्याने पहाटे तीनच्या टॅक्सीचे भाडे आधी विचारून घ्यावे. दाबोळी नौदलाच्या तळावर असल्याने तिथल्या नागरी विमानांच्या वेळांवर नौदलाच्या सरावाची मर्यादा पडते, हेही वेळ निवडताना आडवे येते.

हे सारे थेट विमान मिळाले तर. गोवा-इंदूर थेट सेवा वेळापत्रकाच्या हंगामाप्रमाणे बदलते, आणि आपल्याला हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळी ती असेलच असे नाही. मग मधला थांबा आला. इथे अंतर आणि वेळ यांची फारकत पुरती दिसते. मोपाहून मुंबईमार्गे इंदूर सुमारे ८९० किलोमीटर होते, थेट मार्गापेक्षा फक्त नव्वद किलोमीटर जास्त. हैदराबादमार्गे ते पावणेबाराशेच्या पुढे जाते. बेंगळुरूमार्गे आधी आग्नेयेला जाऊन मग उत्तरेला वळायचे, म्हणजे जवळजवळ सोळाशे. दिल्लीमार्गे तर इंदूर ओलांडून पुढे जाऊन मागे यायचे: एकवीसशेहून अधिक. तरीही यांतला सर्वांत लवकर पोहोचवणारा मार्ग कोणता, हे किलोमीटर सांगत नाहीत. मुंबईला पाच तास बसावे लागणार असेल आणि हैदराबादला दीड तासात पुढचे विमान असेल, तर तीनशे किलोमीटर जादा उडणारा आधी पोहोचतो. उलट दीड तासाची जोडणी दोन वेगळ्या तिकिटांवर असेल, तर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. निकडीच्या प्रवासात एकाच तिकिटावरची जोडणी घ्यावी, हा सल्ला मी तरी डोळे मिटून देईन.

आता हीच गोष्ट परदेशातल्या लेकाची. देवासच्या घरात दूरध्वनी फिरवणारा माणूस गोव्यानंतर दुबईला आणि मग न्यू जर्सीला फिरवतो, आणि तिन्ही ठिकाणांहून आलेली उत्तरे जुळवून वेळ ठरवायची असते. इंदूरहून पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा जुलै २०१९ मध्ये सुरू झाली ती दुबईचीच. अंतर सुमारे २,०९० किलोमीटर. गोवा-इंदूर रेषा जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने तिच्यावर वारा आडवा लागतो आणि जाण्या-येण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. दुबईची रेषा मात्र पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वेगवान वारे वाहतात. समोरून ताशी शंभर किलोमीटरचा वारा असेल, तर ८३० चा वेग जमिनीच्या हिशेबात ७३० उरतो. पाठीमागून असेल तर ९३० होतो. एवढ्याने या अंतरावर सदतीस-अडतीस मिनिटांचा फरक पडतो. त्यात घड्याळाची भर: दुबई आपल्या दीड तास मागे. इंदूरहून संध्याकाळी सहाला निघून सव्वातीन तास उडालेला प्रवासी दुबईच्या घड्याळाप्रमाणे पावणेआठला उतरतो. दुबईहून सहाला निघून पावणेतीन तास उडालेला इंदूरला सव्वादहाला. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करणाऱ्याला जाताना पावणेदोन तास आणि येताना सव्वाचार तास दिसतात. दोन्ही चूक.

वाऱ्याची महती याहून मोठ्या पल्ल्यावर कळते. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप व अटलांटिकवरून जात असे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटर लांबचा होता, तरी पाठीशी वारा असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले, पूर्वीपेक्षा कमी वेळात. दिल्लीहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट सुमारे ११,७५० किलोमीटरची. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, पण नारळावर दोरा ताणून पाहिला तर तो दिल्लीहून जवळपास उत्तरेलाच निघतो आणि ध्रुवीय प्रदेशाच्या कडेने जातो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरूनच.

दोरा ताणता येतो, पण त्याखालचा प्रत्येक देश वाट देईल असे नाही. इंदूर-दुबईची सरळ रेषा कच्छच्या रणाजवळून सिंधू नदीच्या मुखाकडे जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. असे झाले की दक्षिणेला समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांचे तास वाढतात. कागदावरचे अंतर तेवढेच राहते.

गोव्याला हा अनुभव फार जुना आहे. दाबोळीहून पोर्तुगीज काळातील ‘ताइप’ या कंपनीची विमाने १९५५ पासून दमण, दीव आणि कराचीला जात. भारताशी संबंध बिनसलेले असल्याने ती भारतीय हद्द टाळून समुद्रावरून उडत. शेजारचे बेळगाव अवघड आणि कराची सोपी, असा तो काळ होता. त्याआधी १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू झाली तेव्हा विमान इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरला उतरत जाई. म्हणजे माळव्याचे आकाश गोव्याच्या कितीतरी आधी वेळापत्रकात आले होते. आणि इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून आले, तेव्हा त्यांना बोटीने मुंबई आणि तिथून आगगाडी असे येण्यातच काही आठवडे गेले. त्यांना ‘किती वाजता पोहोचाल’ असे कोणी विचारले नसावे. कोणत्या महिन्यात, एवढे पुरत असे.

अमेरिकेहून येणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गाठ लक्षात ठेवावी लागते. इंदूरला तिकडून थेट विमान नाही. भारतात जिथे प्रथम उतरायचे त्या दिल्ली किंवा मुंबईतच पारपत्राची तपासणी होते, सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्काच्या दारातून बाहेर यावे लागते आणि ते पुन्हा देशांतर्गत विमानासाठी द्यावे लागते. तीन तासांपेक्षा कमी सवड ठेवणारा मनाने फार धीट असला पाहिजे. न्यू जर्सीच्या दारापासून देवासच्या दारापर्यंत एक पूर्ण दिवस-रात्र धरावी, आणि तिकडचे घड्याळ हिवाळ्यात साडेदहा व उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असल्याने, पोहोचण्याची तारीख निघण्याच्या तारखेपेक्षा पुढची येते हे घरच्यांना तोंडी स्पष्ट सांगावे. ‘शनिवारी निघतोय’ एवढ्यावर शनिवारी रात्री इंदूरच्या विमानतळावर गाडी पाठवणारी घरे काही कमी नाहीत.

शेवटचा तुकडा राहिला, इंदूरहून पुढचा. विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीजवळ आहे. नकाशात देवास त्याच्यापासून ३८ किलोमीटर आणि धार ५३. पण धार पश्चिमेलाच असल्याने विमानतळाबाहेर पडलेला माणूस शहरात न शिरता घाटाबिल्लोदवरून अहमदाबाद महामार्गाने थेट निघतो. देवास ईशान्येला, म्हणजे मध्ये सगळे इंदूर पसरलेले. ते ओलांडायचे किंवा वळसा घालायचा. संध्याकाळच्या गर्दीत देवासचा जवळचा रस्ता धारच्या लांबच्या रस्त्याइतकाच वेळ खातो. रेल्वेचा हिशेब याच्या बरोबर उलट. देवास इंदूर-उज्जैन मार्गावर आहे. मुंबई सेंट्रलहून रात्री निघणारी अवंतिका एक्स्प्रेस तिथे थांबते, आणि कोकण रेल्वेने दिवसा मुंबई गाठलेल्या गोव्याच्या प्रवाशाला ती सापडू शकते. विमानाची जोडणी फसत असेल, तर रात्रभर झोपून सकाळी देवासला उतरणे हा काही वाईट व्यवहार नव्हे. धारला तो मार्ग नव्हता. धारवरून जाणाऱ्या इंदूर-दाहोद रेल्वेची पायाभरणी २००८ मध्ये झाली, पण त्यानंतर दीड दशक उलटले तरी धारचा माणूस बसने किंवा मोटारीनेच इंदूर गाठत होता.

तेव्हा पलीकडून प्रश्न आला की आधी थेट विमान आहे का ते पाहावे. असेल तर विमानाच्या सुटण्याच्या वेळेत साडेतीन तास मिळवून देवासची वेळ सांगावी. धारसाठी आणखी पंधरा मिनिटे धरावीत. मधला थांबा असेल तर दुसऱ्या विमानाची इंदूरला उतरण्याची वेळ पाहून त्यात दोन तास मिळवावेत. आणि विमानात बसल्याखेरीज ‘थांबा’ असे सांगू नये. सुटल्यावर सांगावे, इंदूरला उतरल्यावर पुन्हा सांगावे. तिकडे अंगणात माणसे उभी असतात.